मातीला ऊन, शिमिटाला पाणी

आमच्या भागात घर बांधायला काढतात ते पाडव्याला. गुढी उभी राहिली की गावात टिकाव-फावड्याचा आवाज सुरू. अक्षय्य तृतीयेपर्यंत जोतं, ज्येष्ठाच्या तोंडाला स्लॅब आणि आभाळ भरून आलं की घाईघाईनं गिलावा. गेली तीस वर्षं मी हे बघतोय आणि तीस वर्षं सांगतोय, की बाबांनो, विटा-शिमिटाचं घर काढायची ही वेळ नव्हे. ते काढायचं दसरा-दिवाळीच्या मध्ये, थंडीच्या तोंडाला. लोक हसतात. "आबा, तुम्ही शेतातलं बघा, बांधकामातलं मिस्तऱ्याला कळतं," असं म्हणतात. बोलून काही होत नाही, म्हणून आता लिहून ठेवतो. माझं शिक्षण दहावीचं, तेही कसंबसं. पण विहिरीत पाणी कधी असतं आणि कधी नसतं हे कळायला दहावीचीसुद्धा गरज नाही.

उन्हाळ्यात बांधायची रीत कुठून आली ते आधी सांगतो. कारण ती रीत काही खुळ्या माणसांनी पाडलेली नव्हती. माझ्या लहानपणी शिमिटाचं पोतं दिसायचं ते शाळेच्या नाहीतर पुलाच्या कामावर. घरं सगळी दगड-मातीची, वर माळवद. वडिलांनी गोठ्यामागची भिंत घातली ते दिवस मला आठवतात. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. वैशाखाचं ऊन. अंगणात माती भिजत घातलेली, तिच्यात गव्हाचा भुसा टाकलेला, आणि आम्ही पोरं गुडघाभर चिखलात नाचून ती तुडवायचो. वडील हातभर उंचीचा थर घालायचे आणि थांबायचे. दुसऱ्या दिवशी अंगठ्यानं दाबून बघायचे. अंगठा उमटला तर त्या दिवशी भिंतीला हात लावायचा नाही. थर कडक वाळल्यावर वरचा थर. ओल्या थरावर वजन टाकलं तर भिंत पोट काढते, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं, पण माहीत होतं. माळवदाचंही तेच. तुळयांवर काटक्या-पाला अंथरून वर पांढरी माती चोपायची ती रोहिण्यांच्या आत, म्हणजे पाऊस येईपर्यंत ती बसलेली असते.

म्हणजे त्यांचा हिशोब पक्का होता. मातीला ऊन लागतं. उन्हाळ्यात ऊन फुकट, शेतात काम नाही, माणूस रिकामा. मातीचं घर चैत्र-वैशाखातच बांधलं पाहिजे. मी आज मातीची भिंत घातली तर उन्हाळ्यातच घालीन.

मग झालं काय? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणपती बोळवून लोक झोपले होते आणि किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं झोपेतच गाडली गेली. हजारो माणसं गेली. आमचं गाव तिथून लांब, तरी भांडी वाजली, गुरं दावं तोडायला लागली, आणि आम्ही सगळे ओसरीतून उघड्यावर आलो. नंतर कळलं की बरीच माणसं मेली ती जाडजूड दगड-मातीच्या भिंतींखाली आणि मातीच्या जड छपरांखाली. ज्या भिंतीनं आजवर ऊन-थंडी अडवली तिनंच घरातली माणसं घेतली. त्या दिवसापासून मराठवाड्यातल्या माणसाच्या मनातून माळवद उतरलं. ज्याला जमेल तसं त्यानं पत्रा टाकला, विटा घेतल्या, शिमिट आणलं, सळई आणली. ते बरोबरच झालं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार ही, की आम्ही भिंत बदलली पण पंचांग बदललं नाही. घर शिमिटाचं आणि मुहूर्त मातीचा.

शिमिट वाळत नाही. हे वाक्य मी गावात शंभर वेळा बोललो असेन, तरी माणसं म्हणतात, "आबा, स्लॅब छान वाळला." अरे, वाळला म्हणजे वाया गेला! शिमिट पाणी पिऊन घट्ट होतं. पोत्यातल्या भुकटीची पाण्याशी गाठ पडली की तिचा दगड व्हायला लागतो, आणि ते काम एका दिवसात होत नाही, पुढं कितीतरी दिवस आतल्या आत चालू असतं. म्हणून तर त्याची ताकद मोजायची रीत २८ दिवसांनंतरची आहे. नदीतल्या पुलाचे खांब पाण्यात उभे असतात, ते कधी वाळले? तरी ते दगडासारखे आहेत. तेव्हा मातीला ऊन आणि शिमिटाला पाणी, एवढं ज्याला समजलं त्याला बाकी सगळं समजलं.

आता पाणी किती? पन्नास किलोच्या पोत्याला कालवताना साधारण पंचवीस लिटर. त्याहून जास्त ओतलं की माल सैल पडतो आणि पुढं कच्चा राहतो. उन्हाळ्यात गडी हेच करतो. उन्हानं माल पाटीतच आखडायला लागतो, मग वरून तांब्याभर पाणी, पुन्हा तांब्याभर. माल थापीला गोड लागतो आणि भिंत कायमची आजारी पडते. वीटही तशीच. लावायच्या आधी ती पोटभर भिजवायची असते, नाहीतर तापलेली वीट मालातलं पाणी ओढून घेते. मग वीट आणि माल शेजारी शेजारी राहतात, पण एकमेकांचे होत नाहीत.

आणि खरं पाणी लागतं ते त्यानंतर. एका इंजिनिअर माणसानं मला भारतीय मानक ४५६ नावाचं बांधकामाचं पुस्तक दाखवलं होतं. इंग्रजीत आहे, त्यानं वाचून सांगितलं. काँक्रीट साध्या शिमिटाचं असेल तर निदान ७ दिवस सतत ओलं ठेवा, राख मिसळलेल्या शिमिटाचं असेल तर १० दिवस. हवा कोरडी आणि गरम असेल तर साध्याला १० आणि राखवाल्याला १४. आमच्या बाजारात बहुतेक पोती राखवाल्या शिमिटाचीच येतात. म्हणजे वैशाखात बांधणाऱ्याला चौदा दिवस पाणी धरून ठेवायचं आहे, तेही गावात टँकर येत असताना.

हिशोब मांडतो. सरकारी घरकुल निदान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं. तेवढ्या स्लॅबवर मातीची आळी करून दोन इंच पाणी धरायचं तर साडेबाराशे लिटर लागतं. पंधरा लिटरची घागर धरली तर चौऱ्याऐंशी घागरी. उन्हाळ्यात रोज सेंटिमीटरभर पाणी तरी उडून जातं, म्हणजे रोजच्या सोळा-सतरा घागरी. चौदा दिवसांच्या धरा. एकट्या स्लॅबच्याच सव्वातीनशे घागरी झाल्या. भिंती, गिलावा आणि कोबा वेगळा.

ह्या घागरी कुणाच्या डोक्यावर? हा प्रश्न विचारला की बापे इकडं तिकडं बघतात. मिस्तरी संध्याकाळी सायकल काढताना सांगून जातो, "पाणी मारा हं." तो कुणाला सांगतो? घरातल्या बाईला. २०१६ साली एप्रिल महिन्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे सगळ्या देशानं पेपरात वाचलं. त्याच उन्हाळ्यात आमच्या गावात दोन घरांचं काम चालू होतं. एका घरची सून हातपंपावर भेटली. मी सहज म्हटलं, "बाई, भिंतीला पाणी कमी पडतंय बघ, पांढरी पडली ती." ती घागर खाली न ठेवताच म्हणाली, "आबा, भिंतीला पाणी मारू का लेकराला आंघोळ घालू?" मी गप्प झालो. तिचं काय चुकलं होतं? तिच्या जागी कुणीही लेकरालाच आंघोळ घातली असती. ज्यानं काम वैशाखात काढलं तोच ह्याला जबाबदार.

आता माझ्या म्हणण्यावर लोक काय काय हरकती घेतात, त्या एकेक करून घेतो.

पहिली हरकत थंडीची. हल्ली पोरं मोबाइलवर परदेशातलं काहीबाही दाखवतात, की थंडीच्या तोंडाला बांधकाम काढू नये. खरं आहे, पण कुठलं? जिथं पाणी गोठतं तिथलं. माझा एक पुतण्या लष्करात, लेहला होता. तो सांगायचा, "नाना, इकडं बांधकाम काय ते उन्हाळ्यात. हिवाळ्यात कालवलेला मालच गोठतो." पाणी गोठलं की फुगतं, आणि ओल्या मालातलं पाणी फुगलं की माल आतून फुटतो. त्या मुलखात ते शहाणपण आहे. आमच्याकडं पौषात पहाटे शेकोटी लागते, एखाद्या वर्षी निफाडकडं पारा फारच उतरतो आणि द्राक्षवाले बागेत जाळ करतात, पण आमच्या बालाघाटच्या अंगाला दिवस वर आला की ऊब येते. थंडीनं शिमिट थोडं सावकाश कडक होतं, एवढं मी मान्य करतो. त्याला उपाय आहे. त्याच पुस्तकात लिहिलंय, की साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी आणि त्याहून मोठ्याचे चौदा दिवसांनी काढावेत, पण हे हवा पंधरा अंशांच्या खाली जात नसेल तर. म्हणून पौषात स्लॅब टाकला तर सेंट्रिंग आणखी आठवडाभर राहू द्या. सेंट्रिंगवाला कुरकुर करील, त्याला चार पैसे जास्त द्या. थंडीत नुसता सबुरीचा खर्च आहे. उन्हाळ्यात पाणीच नाही, तिथं सबुरी करून काय करणार?

दुसरी हरकत मुहूर्ताची. मी देव मानतो, पंचांगही मानतो. पण साडेतीन मुहूर्तांतले दोन कोणते ते सांगा. पाडवा आणि अक्षय्य तृतीया. आणि उरलेले दीड? दसरा आणि दिवाळीचा पाडवा! ते काय सरकारनं घातलेत? दसऱ्याला तर मुहूर्त बघायचाच नसतो. मग दसऱ्याला कुदळ मारायला कुणाची आडकाठी आहे? आपल्याला उन्हाळा सोयीचा वाटतो आणि नाव पंचांगाचं होतं.

तिसरी हरकत पायाची. "पाऊस नुकता गेलाय, जमीन ओली, पाया कसा खणायचा?" हे विचारणारा शेतकरी असेल तर मला आश्चर्य वाटतं. पेरणीला वापसा बघतो ना आपण? तसाच पायाला बघायचा. आमची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तिच्यावर पाया ठेवला तर घर दरवर्षी वरखाली होणार. काळी संपून मुरूम लागेपर्यंत खाली गेलंच पाहिजे. दसऱ्यानंतर वापसा झाला की कुदळ लोण्यासारखी जाते. वैशाखात तीच माती दगडासारखी, टिकाव उसळून येतो. मग गडी दोन फुटांवरच म्हणतो, "झालं मालक, कडक लागलं." कडक लागलं खरं, पण मुरूम नव्हे, वाळलेली काळी! पहिल्या पावसात ती मऊ होते आणि कोपऱ्यातून भिंत तडकते. दिवाळीला पाया भरला तर पुढच्या पावसाच्या आत छप्पर होऊन, बाजूला पाणी जाण्यासाठी चर काढून, सगळं आवरलेलं असतं.

चौथी हरकत विटांची, आणि ती खरी आहे. वीटभट्ट्या पेटतात दिवाळीनंतर. नवी वीट हाती यायला पौष-माघ उजाडतो. दसऱ्याला मिळते ती गेल्या हंगामातली उरलेली, आणि भट्टीवाला ती सोन्याच्या भावानं विकतो. उपाय असा, की वीट वैशाखातच घेऊन ठेवायची, भट्ट्या बंद व्हायच्या आत, पसंत करून, वाजवून. रचून वर पाचट टाकलं की झालं. पावसानं वीट मरत नाही. शेवाळ धरलं तर ब्रशनं घासायचं. आमच्या जिल्ह्यात परळीच्या वीज केंद्राच्या राखेच्याही विटा निघतात, त्यांना भट्टीच्या हंगामाचं बंधन नाही. नदीची वाळू पावसाळ्यात बंद असते, पण क्रशरची वाळू आता बारमाही मिळते.

पाचवी हरकत पाण्याचीच. "थंडीत पाणी रब्बीला लागतं, ते घराला कुठून द्यायचं?" एक एकर हरभऱ्याला एक हलकं पाणी दिलं तरी दोन लाख लिटर जातं. लहान घराच्या सगळ्या बांधकामाला त्याचा पाव हिस्साही लागत नाही. एका सरीचं दार तासभर घराकडं वळवलं तर पीक बोंब मारत नाही.

मी माझं घर बांधलं २००५ साली. वैशाखात विटा आणून टाकल्या, दसऱ्याला कुदळ मारली, दिवाळीच्या पाडव्याला पाया भरला. ज्वारी पेरून झालेली, सोयाबीन मळून झालेलं. विहिरीत तेव्हा दोन परस पाणी होतं. वीज रात्री-बेरात्री यायची, तर मी रात्री मोटर लावून हौद भरून घ्यायचो आणि उजाडता भिंतींवर पाइप धरायचो. घरातल्या बाईनं एक घागर वाहिली नाही. भाऊबंद म्हणाले, "लग्नसराईच्या आधी घर होत नाही तुझं." मिस्तरी जुना, माझ्याच वयाचा. तो पहिल्यांदा नाखूष होता, पण मार्गशीर्षात एकदा ओळंबा गुंडाळताना म्हणाला, "भाऊ, ह्या दिवसांत माल हातात बसतो बघा. उन्हाळ्यात आम्ही भिंत घालत नाही, भिंतीच्या मागं पळतो." पौषात स्लॅब पडला. त्यावर आळी करून वीस दिवस पाणी धरलं, चिमण्या पाणी प्यायला यायच्या. चैत्राच्या पाडव्याला आत गुढी उभारली. ज्या दिवशी गावात इतरांनी कुदळ मारली त्या दिवशी आम्ही स्वयंपाकघरात पुरणपोळी खाल्ली. आज वीस वर्षं झाली. गिलावा वाजवून बघा, पोकळ आवाज येत नाही.

पण मी विहीरवाला आहे. पाच एकर का होईना, जमीन आहे. दसऱ्याला मी गावात असतो. आता ज्यांच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो त्यांच्याकडं येतो.

आमचा भाग ऊसतोड्यांचा. दसरा झाला की मुकादमाच्या गाड्या लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, ती लग्नात नाहीतर दवाखान्यात गेलेली. दिवाळी कधी घरी, कधी फडात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात पाच-पाच महिने पाचटाच्या खोपीत राहायचं आणि शिमग्याच्या पुढं-मागं परत यायचं. म्हणजे गावात पाणी असतं तेव्हा ही माणसं गावात नसतात. ती येतात तेव्हा विहिरीचा तळ दिसत असतो. ज्यांना पक्क्या घराची सगळ्यात जास्त गरज, त्यांच्या नशिबाला वैशाखच.

आणि सरकारचं वर्ष संपतं ३१ मार्चला. पूर्वी इंदिरा आवास होती, २०१६ पासून प्रधानमंत्री आवास आली. ग्रामीण भागात, सपाटीवरच्या घराला १ लाख २० हजार रुपये ठरले. हप्ते कामाच्या टप्प्यावर, मोबाइलनं फोटो काढून, जागेच्या खुणेसकट. योजना चांगली आहे. कुणाच्या डोक्यावर छप्पर येत असेल तर त्याला वाईट म्हणणारा मी कोण? पण आमच्या गावात मी पाहिलेल्या बहुतेक घरकुलांचा पहिला हप्ता माघ-फाल्गुनात पडला. वर्षभर यादी, कागद, खात्याचा नंबर, आधारची जोडणी, आणि वर्ष संपत आलं की अचानक सगळ्यांना घाई. "काम चालू करा, उद्दिष्ट पूर्ण करायचंय." उद्दिष्ट कुणाचं? ज्याचं घर आहे त्याचं उद्दिष्ट भिंत टिकावी हे असतं. त्याच्या उद्दिष्टाची तारीख कुणी विचारत नाही.

वरल्या आळीतल्या एका घराचं सांगतो. नवरा-बायको फडावर. गावात म्हातारी आणि दोन नातवंडं. हप्ता जमा झाल्याचा निरोप फोनवर गेला. मुकादमाची उचल फिटलेली नव्हती, मधेच येता येईना. ती दोघं आली चैत्राच्या शेवटी. तोवर शिमिट महाग, मिस्तरी मोकळा नाही, आणि आळीतल्या हातपंपाला खडखडाट. तरी त्यांनी रात्र-रात्र पाण्यापाठी जाऊन भिंती उभ्या केल्या. दोनशे लिटरच्या एका बॅरलवर स्वयंपाक, जनावर आणि बांधकाम. स्लॅबवर गोणपाट टाकून दिवसातून एकदा शिंपडायचे. तिसऱ्या दिवशी गोणपाट वाळून कडक झालेलं मी स्वतः बघितलं. फोटो निघाले, पुढचे हप्ते पडले, कागदावर घर पूर्ण झालं. पहिल्याच पावसाळ्यात स्लॅबला पाझर. देवाच्या फोटोला भिंतीत खिळा ठोकायला गेले तर खिळा दोन बोटांनी आत ढकलता आला, आणि खाली वाटीभर वाळू पडली. ती बाई भिंतीतून सांडलेली वाळू केरसुणीनं गोळा करते आणि पुन्हा पुढच्या उचलीला अंगठा लावते, कारण आता त्या घरावर पत्रा टाकायचाय.

त्या माणसांना कुणी अडाणी म्हणू नये. त्यांनी घागरीनं शक्य होतं ते सगळं केलं. चूक तारखेची होती आणि तारीख त्यांच्या हातात नव्हती.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. घरकुलाची मंजुरी आणि पहिला हप्ता पोळ्याच्या आत माणसाच्या खात्यात पडला पाहिजे. म्हणजे तो उचल घेण्याच्या आधी विचार करू शकेल. ह्याच योजनेत घरधन्याला स्वतःच्या घराच्या कामावर ९० दिवसांची रोजगार हमीची मजुरी धरलेली होती. नव्वद दिवस म्हणजे दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत! ती मजुरी वेळच्या वेळी हातात पडत गेली, तर त्या वर्षापुरता एक जण घरी राहील आणि दुसरा अर्धा कोयता म्हणून जाईल, किंवा दोघंही जाणार नाहीत. पोरांची शाळाही त्या वर्षी बुडणार नाही. आणि मार्च संपला म्हणून कुणाला उन्हाळ्यात काम काढायला लावू नये. ज्याचा हप्ता फाल्गुनात आला त्याला लेखी मुभा द्या, की बाबा, विटा-वाळू-खडी आणून ठेव, फोटो त्याचा काढू, पाया दसऱ्याला खण. फोटोत विटांची थप्पी दिसली तर काय बिघडतं? थप्पी पावसात उभी राहते. कच्ची भिंत नाही राहत.

गावकऱ्यांनाही एक सांगतो. ज्यांच्या विहिरीला पौषापर्यंत पाणी आहे त्यांनी आळीतल्या एका घरकुलाला एक तास पाइप जोडून द्यावा. पाण्याचा हिशोब वर मांडलाच आहे, तुमच्या हरभऱ्याचं काही जात नाही. आणि शहरातून गावी घर बांधायला येणाऱ्यांनो, तुम्ही मे महिन्याची सुट्टी बघून काम काढता. सुट्टी तुमची असते, पाणी गावाचं असतं. तुमच्या स्लॅबवर टँकर रिकामा होतो तेव्हा खाली रांगेत बाया उभ्या असतात. दिवाळीची सुट्टीही असतेच की. तेव्हा या, पाया भरा, आणि पाणी मारायला गावातल्या एखाद्या गरजू माणसाला रोजानं लावून जा.

ज्याला हे पटत नसेल त्यानं माझ्याशी वाद घालू नये. येत्या भाद्रपदात आपल्या गावात एक फेरी मारावी. वैशाखात बांधलेली घरं आणि थंडीत बांधलेली घरं, दोन्हींच्या स्लॅबखाली उभं राहून वर बघावं. कुठं भांडी मांडलीत आणि कुठं नाहीत, ते मोजावं.